थॅलेसेमियाच्या मुलाचं बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण) झाल्यावर पुढे काय काय त्रास होऊ शकतात?

तुमचा मुलगा ५ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर (सतत रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार) आहे, मोठ्या बहिणीशी एचएलए (पेशींची ओळख जुळते का ते पाहणारी तपासणी) पूर्ण जुळलंय आणि संमतीपत्रातली गुंतागुंतींची यादी वाचून तुमची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं बीएमटी तो ७ वर्षांचा असताना, त्याच्या मोठ्या बहिणीच्या पेशी घेऊन झालं, आता तो १५ वर्षांचा आहे. जे पाहिलं ते सांगते.

पहिला महिना दवाखान्यातच जातो. जुना मगज काढून टाकायला आधी किमो देतात, त्याने तोंड इतकं सोलवटलं होतं की त्याला स्वतःची थुंकी गिळवत नव्हती. पण मला खरी धास्ती होती लिव्हरची. वर्षानुवर्षं रक्त चढवून लिव्हरमध्ये लोह साठलेलं असतं, त्यात बुसल्फानसारख्या किमोच्या औषधाने तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबू शकतात. वजन झपाट्याने वाढतं, पोट फुगतं, कावीळ दिसते. म्हणून नर्स रोज सकाळी त्याचं वजन करायच्या आणि टेपने पोटाचा घेर मोजायच्या. टेप रोज एकाच जागी लागावी म्हणून पोटावर पेनाने खुणा केल्या होत्या. इटलीत पेसारोच्या डॉ. लुकारेल्लींनी धोक्याचे ३ वर्ग पाडले तेही यावरूनच: लिव्हर वाढलंय का, त्यात फायब्रोसिस (व्रणासारखा कडकपणा) आहे का, लोह काढायची औषधं नियमित घेतली का. तुमचं मूल कोणत्या वर्गात बसतं ते विचारा. आणि तोवर डेफेरासिरॉक्सचा (लोह काढायच्या औषधाचा) एकही डोस चुकवू नका. एवढं तरी आपल्या हातात आहे.

घरी आल्यावर जीव भांड्यात पडतो, आणि नेमकी तिथेच गफलत होते. ३४व्या दिवशी जेवताना माझं लक्ष त्याच्या तळहातांकडे गेलं. लालबुंद, जणू मेंदी नुकतीच धुतलीय. तळपायही तसेच, कानांच्या पाळ्या खाजत होत्या. सासूबाई म्हणाल्या, उष्णता असेल, सब्जा दे. मी रात्री १० वाजता ट्रान्सप्लांट टीमला फोन केला. ते जीव्हीएचडी होतं, म्हणजे बहिणीच्या पेशी त्याच्या शरीराला परकं समजून हल्ला करत होत्या. वेळेत स्टिरॉइड सुरू झालं आणि त्वचेवरच निभावलं. हेच आतड्यात गेलं की पाण्यासारखे जुलाब होतात. पुरळ, जुलाब, डोळे पिवळे, थोडासा ताप, काहीही दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका.

जीव्हीएचडी होऊ नये म्हणून दिलेल्या सायक्लोस्पोरिनने (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने) अंगावर लव वाढते, बीपी वाढतं, मॅग्नेशियम उतरतं. रक्तातली त्याची पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यावरच द्यायचा. पपनस घरात आणू नका, त्याने औषधाची पातळी चढते. सीएमव्हीसारखे शरीरात दबून बसलेले विषाणूही याच काळात डोकं वर काढतात, म्हणून त्याची पीसीआर वारंवार करतात. चायमेरिझम रिपोर्टमध्ये (रक्तात दात्याच्या पेशी किती, हे सांगणाऱ्या तपासणीत) बहिणीच्या पेशींची टक्केवारी घसरत गेली, तर थॅलेसेमिया परतायची भीती असते. पण १०० टक्के नाही म्हणून लगेच हातपाय गाळू नका. कमी टक्क्यांवर स्थिरावूनही रक्त न लागणारी मुलं आहेत.

बीएमटीने लोह जात नाही, हे मला कुणी आधी ठळकपणे सांगितलं नव्हतं. हिमोग्लोबिन स्थिरावल्यावर ठरावीक दिवसांनी त्याचं रक्त काढून फेरिटिन (साठलेल्या लोहाचं रक्तातलं माप) खाली आणलं. ज्याच्यासाठी दर ३ आठवड्यांनी बाटलीकरता धावलो, त्याच्याच हातातून भरून जाणारी ती पिशवी बघताना मला रडू कोसळलं. लसीही पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागल्या.

वाढ, थायरॉइड, वयात येणं यांवर अजून लक्ष ठेवावं लागतं. किमोने पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो, ते तारीख ठरण्याआधी बोलून घ्या. बदलतो तो फक्त हाडांतला मगज, बीजपेशी जुन्याच राहतात. त्याला मुलं झाली तर प्रत्येकाकडे थॅलेसेमियाचा जीन जाणारच, म्हणून जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते पाहायला एचबीए२ तपासणी लागेल. माझ्या मुलाला हे गेल्या वर्षी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ताईचीपण करायची ना?" तिची बीएमटीआधीच झाली होती. ती मायनर, म्हणजे नुसती वाहक आहे.