कैचीची तुळई कापायच्या आधी

कौलारू छपराची कैची म्हणजे दोन तिरके वासे, खालची आडवी तुळई आणि मधला उभा खांब असा लाकडी त्रिकोण. हॉल उंच करायला यातली तुळई काढायची का, आणि तिचं भिंतीत कुजलेलं टोक कसं दुरुस्त करायचं, हा प्रश्न आहे. तुळई कापू नका. मिस्त्री म्हणतोय ना की 'खाली कशाला टेकलेली नाही, नुसती आडवी आहे, काढली की हॉल उंच दिसेल', तिथेच गडबड आहे. कौलांच्या वजनाने दोन्ही बाजूचे तिरके वासे पाय फाकवायला बघतात, आणि ही तुळई त्यांना खेचून धरते. मधला उभा खांब तुळईवर उभा आहे असं वाटतं, खरं तर तो वरून लोंबतोय आणि तुळईलाच मधे उचलून धरतोय.

आमच्या राजापूरच्या घरी चुलत्यांनी माळ्यावर जायला वाट हवी म्हणून एक तुळई कापली, दोन पावसाळे काही नाही, मग तिसऱ्या वर्षी चिऱ्याच्या भिंतीला वरच्या बाजूला बोट जाईल एवढी भेग, आढं मधे बसलेलं आणि कौलं सरकून गळती. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास धरा, चौरस मीटरला पंधरा एक लागतात, म्हणजे वर किती टन बसलंय त्याचा हिशोब तुम्हीच करा.

उंच मोकळा हॉल हवाच असेल तर लाकडी तुळईच्या जागी त्याच लेव्हलला लोखंडी टाय रॉड (दोन्ही बाजूंना खेचून धरणारी सळई) टाकता येतो, बारीक असतो, नजरेला टोचत नाही. पण जाडी आणि टोकाचे जोड स्ट्रक्चरल इंजिनियरकडूनच काढून घ्या, आणि रॉड ताणून बसल्याशिवाय जुन्या लाकडाला करवत नाही. माळ्याचं वजन मात्र त्या रॉडवर टाकायचं नाही.

आता तुळईचं भिंतीत कुजलेलं टोक. जाड स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, लोण्यासारखा आत गेला तर तेवढं लाकूड गेलं, आणि हातोडीने ठोकत जा, खणखणीत आवाज येतो तिथून पुढे ठीक. आधी त्या बाजूची पन्हळ बघा, बहुतेक तिथूनच पाणी मुरतंय, ते थांबवलं नाही तर नवं लाकूडही तसंच जाईल. मग कौलं उतरवा, दोन्ही पाख्यांवरून सारखी, एकच बाजू रिकामी केली तर कैची कलते. तुळईखाली, जमिनीवर जाड फळी टाकून जॅक लावा (फरशीवर थेट नको, फुटते) आणि भार जेमतेम सुटेल इतकंच उचला. जुना बाक सरळ करायच्या नादी लागू नका, लाकूड चिरतं. कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी सी चॅनल (इंग्रजी C च्या आकाराची लोखंडी पट्टी), चांगल्या लाकडावर भरपूर आत घेऊन, नटबोल्टने आवळा, बोल्ट एका रेषेत न मारता वरखाली, नाहीतर लाकूड त्याच रेषेत फाटतं. लोखंडाला रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग) दोन हात.

भिंतीतल्या टोकाभोवती सिमेंट ठासू नका, हवेला थोडी फट ठेवा. सुतार हमखास ठासतो, तेव्हा स्वतः उभे राहा.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, मे मध्ये सुतार मिळत नाही. आणि दसऱ्याच्या सुमारास बोल्ट परत एकदा आवळून घ्या.