भावाला फुकट, आम्हाला हप्ता

प्रश्न: नमस्कार. मी बेचाळीस वर्षांची, डोंबिवलीला राहते. २०२१ च्या दिवाळीत आम्ही टू बीएचके घेतला, चाळीस लाखांचं लोन, वीस वर्षं, रेट तेव्हा सात टक्के, हप्ता ३१ हजार. माझं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं, १६० फुटांच्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या त्यात माझा भाऊही होता. ५०० फूट आणि तेही फुकट! वास्तुशांतीला गेले, लिफ्टने वर गेले, त्या चकचकीत लाद्या बघितल्या आणि घरी आल्यावर माझाच हॉल मला कळकट दिसायला लागला. मिस्टर म्हणतायत हे विकू आणि ठाण्यात थ्री बीएचके घेऊ, ९५ लाखांपर्यंत बसतोय. मलाही वाटतं की मग बरं वाटेल, पण रात्री झोप येत नाही. सख्ख्या भावाचा हेवा वाटतो हे सांगायचीही लाज वाटते हो.

उत्तर: ताई, लाज कसली त्यात. एखाद्या शेठजीचा बंगला बघून कुणाची झोप उडत नाही, ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याचं घर बघून उडते. अभंग वगैरे ऐकवणार नाही, काळजी करू नका.

पण ते 'फुकट' जरा बघू. १९२० च्या दशकातल्या त्या चाळी. तुम्ही लग्न होऊन निघालात, तो मागे राहिला, त्याच खोलीत संसार, मधल्या अंधाऱ्या पॅसेजमध्ये पोरांचं क्रिकेट आणि सकाळी मजल्यावरच्या कॉमन संडासाला नंबर. इतकी वर्षं हे काढलंय त्याने, तोही काही कमी हप्ता नाही.

आता तुमच्या हप्त्याचं. मला वाटतं तुमच्या झोपेचं खरं खोबरं इथे झालंय, लाद्यांमुळे नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. तुमचं लोन रेपोला जोडलेलं असेल तर सातचा रेट साडेनऊवर गेला असणार आणि तेव्हा बाकी साधारण ३९ लाख धरली तर महिन्याचं नुसतं व्याजच जवळजवळ ३१ हजार होतं, म्हणजे तुम्ही इमानेइतबारे हप्ता भरत होतात आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं. अशा वेळी बँका बहुतेकदा हप्त्याला हात लावत नाहीत, गुपचूप मुदत वाढवतात. मेसेज येतो, पण तो ओटीपी आणि साडीच्या सेलच्या गर्दीत वाचतो कोण? २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो टक्काभर उतरला खरा, पण वाढलेली मुदत त्याने कितीशी कमी झाली हे स्टेटमेंट काढल्याशिवाय कळणार नाही. ते काढा. किती हप्ते बाकी आहेत तो आकडा मिस्टरांसोबत बसून बघा, एकटीने नको. रेट बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला विचारायचं असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्येच बँकांना सांगितलंय, तर विचारलं नसेल तर तुम्ही जाऊन सांगा. आणि फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे असा रेट वरखाली होणाऱ्या, घरकर्जात मधेच जादा पैसे भरले तर दंड लागत नाही, बोनस आला की थोडे टाका.

ठाण्याचं म्हणाल तर ९५ लाखांवर सात टक्के स्टँप ड्युटी म्हणजे साडेसहा लाखांच्या वर (तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, हे मिस्टरांना मुद्दाम सांगून बघा, चेहरा कसा होतो ते), रजिस्ट्रेशनचे तीस हजार, एजंट, पडदे, किचन ट्रॉल्या, आणि नवीन वीस वर्षं, म्हणजे फिटेपर्यंत तुम्ही बासष्टच्या. मुलांना खोली कमी पडत असेल तर गोष्ट वेगळी, पण पत्रात मुलांचं तर नावही नाहीये.

अजून एक राहिलंय पत्रात. हॉल लिहिलात, लाद्या लिहिल्यात, पण घरात तुम्ही बसता कुठे? आमच्याकडे नवा सोफा आला तेव्हा दोन वर्षं आम्ही त्याचं प्लास्टिक काढलं नव्हतं, पाहुण्यांसाठी ठेवलेला, आम्ही आपले खाली चटईवर. मे महिन्यात कुणी बसलं की मांड्या चिकटायच्या आणि उठताना चर्रकन आवाज यायचा. शेवटी एका दुपारी सासूबाईंनी कात्री घेतली, टराटरा कापलं सगळं आणि पाय वर घेऊन शेंगा सोलत बसल्या. टरफलं सोफ्यावरच. मी बघत राहिले, बोलायची हिंमत झाली नाही.

तेव्हा आधी स्टेटमेंट, मग एखाद्या रविवारी भावाला सहकुटुंब जेवायला बोलवा, त्याच कळकट हॉलमध्ये, आणि त्याला टॉवरचा मेंटेनन्स किती येतोय तेही विचारा. तोवर ठाण्याच्या एजंटचा फोन उचलू नका.