वाकडं भोक, गोल कवडसा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. पत्र्याच्या भोकातून वर्गात पडलेला कवडसा बघून सहावीतल्या पोरानं विचारलं, "बाई, भोक वाकडंतिकडं, मग कवडसा गोल कसा? प्रकाश सरळ रेषेत जातो ना?" तू गडबडलीस. वर मलाच विचारतेस, शाळेत एक भिंग नाही, प्रकाश शिकवू कसा?

अगं, आणखी काय हवंय तुला?

उत्तर देतो, पण ते उद्या वर्गात जाऊन सांगून टाकणार असशील तर इथंच थांब. आधी पोरांचा अंदाज घ्यायचा. आरशाच्या तुकड्यावर कागद चिकटव, कागदाला सेंटिमीटरभर चौकोनी भोक ठेव. उन्हात उभी राहून जवळच्या भिंतीवर कवडसा पाड. चौकोनच दिसेल. आता विचार, दहा मीटर मागं गेलं तर? प्रत्येकाचं म्हणणं फळ्यावर लिही, नावासकट. बहुतेक म्हणतील मोठा चौकोन. मग मागं जा. सावलीतल्या भिंतीवर दहाएक सेंटिमीटरचा गोल येईल.

तो गोल म्हणजे सूर्य. सूर्याच्या प्रत्येक बिंदूकडून आलेला प्रकाश भिंतीवर आपापला छोटा चौकोन टाकतो. लांब गेलं की ते चौकोन एकमेकांवरून सरकतात आणि सूर्याच्या आकारात मांडले जातात. प्रकाश सरळ जातो *म्हणूनच* कवडसा गोल. त्या पोराला हे सांग, पण सगळ्यात शेवटी.

मग टेप काढ. भोक लहान कर, कवडसा भिंतीऐवजी पुठ्ठ्यावर घे आणि तो पुठ्ठा किरणांना समोरासमोर धर, नाहीतर कवडसा लांबट येतो. भोकापासून कवडशापर्यंतच्या अंतराला कवडशाच्या व्यासानं भागलं की १०८ च्या आसपास उत्तर येतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. त्याला १०८ नं भागलं की सूर्याचा व्यास, सुमारे १४ लाख किलोमीटर. पत्र्याच्या भोकातून!

हाच १०८ सावलीत आहे. विजेच्या खांबाची सावली ठसठशीत, त्यावरच्या तारेची फिकट. का? सेंटिमीटरभर जाडीच्या तारेची प्रच्छाया, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो ती गडद सावली, मीटरभरातच संपते; जमिनीवर पोचते ती फक्त उपच्छाया, सूर्य अर्धामुर्धाच झाकला जातो ती फिकट सावली. हेही आधी विचार, मग बाहेर ने. अंदाज न घेता दाखवलेला प्रयोग म्हणजे गारुड्याचा खेळ. पोरं टाळ्या वाजवतात आणि विसरतात.

अभ्यासक्रम मागं राहील म्हणतेस. राहू दे. माझ्या वहीवरही एका साहेबांनी तसा शेरा मारला होता. खराच होता तो. पण २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात गावानं पोरं दारं लावून घरात बसवली, तेव्हा माझा वर्ग लिंबाखाली होता. पानांच्या फटींतून पडणारे कवडसे चंद्रकोरीसारखे होणार हे माझ्या पोरांनी आदल्या दिवशीच वहीत लिहिलं होतं. साहेबांना ती वही दाखवायची राहिली, एवढंच. अजून राग येतो बघ.

भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, त्या शून्य सावलीच्या दिवसाची वाट पाहू नकोस. आपल्याकडे तो एकदा मेच्या सुट्टीत येतो आणि परत पावसाळ्याच्या ढगात. ऊन आज आहे.

आणि मला प्रयोगाचे फोटो पाठवू नकोस. फळ्यावरचे चुकलेले अंदाज पाठव.

तुझा,
सर