मोठ्या स्पर्धेआधीचा दौरा कसा पाहावा? वाचकांचे प्रश्न, क्रीडा विभागाची उत्तरं

मर्यादित षटकांच्या क्रिकेटवर प्रश्न पाठवा म्हटल्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून भरपूर पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता: विश्वचषकाच्या तोंडावर होणाऱ्या तीन-पाच सामन्यांच्या मालिका कशासाठी? एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुली आपल्याकडं येऊन २-१ अशी मालिका जिंकून गेल्या. दीड महिन्यात आपण विश्वविजेत्या झालो! मग त्या मालिकेचा उपयोग काय झाला? आमच्या कट्ट्यावर तर स्मृतीचं शतक सोडून कुणाला काही आठवत नाही. (तासगावचे एक वाचक)

सांगलीच्या पोरीनं ५० चेंडूंत शतक ठोकल्यावर दुसरं काही आठवायचं कारणही नाही. पण ती मालिका नीट पाहिली असती, तर विश्वचषकात पुढं काय दुखणार आहे ते बरंचसं तिथंच दिसलं होतं.

पहिले दोन सामने न्यू चंडीगडला झाले, तिसरा दिल्लीत. पहिल्यात आपण २८१ केल्या आणि ऑस्ट्रेलियानं दोनच गडी गमावून ४५ व्या षटकात त्या पार केल्या. झेलही सुटले. दुसऱ्यात स्मृती मानधनाच्या ११७ धावांच्या जोरावर आपण १०२ धावांनी जिंकलो. तिसऱ्यात ऑस्ट्रेलियानं ४१२ केल्या. स्मृतीनं ६३ चेंडूंत १२५ काढल्या, आपला डाव ३६९ पर्यंत गेला, तरी ४३ धावा कमीच पडल्या. वर्तमानपत्रांत मथळा शतकाचा आला आणि ते योग्यच होतं. पण निवड समितीच्या वहीत ‘४१२’ हा आकडा अधोरेखित व्हायला हवा होता. तीन सामन्यांपैकी दोनांत आपल्या गोलंदाजीला ऑस्ट्रेलियाची फलंदाजी आवरता आली नाही.

आता विश्वचषकात काय झालं ते आठवा. १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला आपण ३३० केल्या, तरीही ऑस्ट्रेलियानं एक षटक राखून त्या गाठल्या. हाताशी भरवशाच्या गोलंदाज पाचच. त्यातल्या एकीला मार बसू लागला की तिची दहा षटकं कुणाच्या माथी मारायची, याला उत्तर नव्हतं. मग इंग्लंडविरुद्ध इंदूरला जेमिमा रॉड्रिग्जला बसवून रेणुका सिंगला घेतलं. गोलंदाजी भरली, फलंदाजी लांडी झाली आणि सामना ४ धावांनी गेला. सलग तिसरा पराभव होता तो.

फलंदाजीतल्या तिसऱ्या क्रमांकाचंही तसंच. सप्टेंबरच्या मालिकेत पहिल्या सामन्यानंतर जेमिमा तापानं बाहेर गेली, तिसऱ्या क्रमांकावर हरलीन देओल खेळत राहिली. जेमिमाला त्या जागेवर पाहायची संधी दौऱ्यात मिळालीच नाही. ती मिळाली थेट न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात (नाबाद ७६) आणि मग उपांत्य सामन्यात. तिथं ३३९ चा पाठलाग करताना तिच्या नाबाद १२७ धावा झाल्या. म्हणजे दौऱ्यानं प्रश्न दाखवले, उत्तरं मात्र स्पर्धा सुरू झाल्यावर सापडली. असं दर वेळी जमत नाही. या वेळी जमलं, त्यात थोडा नशिबाचाही वाटा होता असं आमचं मत आहे.

आणखी एक. स्पर्धेचे सामने गुवाहाटी, इंदूर, विशाखापट्टणम, नवी मुंबई आणि कोलंबोत होते. मालिका झाली पंजाबात आणि दिल्लीत. त्यामुळं खेळपट्टीचा म्हणून जो सराव म्हणतात, तो या दौऱ्यातून फारसा मिळाला नव्हता.

प्रश्न : २०१९ पासून ‘नंबर चार’ची चर्चा ऐकतोय. एका जागेचा एवढा बाऊ का? (कराडच्या एक वाचक)

एकदिवसीय डावात चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला आपण कधी मैदानात जाणार हे ठाऊक नसतं. कधी चौथ्या षटकात २ बाद १२, कधी तिसाव्या षटकात २ बाद १८०. पहिल्या वेळी नव्या चेंडूसमोर टिकायचं, दुसऱ्या वेळी आल्या आल्या फिरकीवर एकेरी-दुहेरी धावा पळायच्या. दोन्ही कामं येणारा माणूस मिळाला की त्याला तिथं खेळवत राहायचं असतं.

२०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया पाच सामने खेळायला आली, तेव्हा विश्वचषकाला तीन महिनेही नव्हते. अंबाती रायुडू पहिल्या तीन सामन्यांत विसाच्या पुढं गेला नाही. मोहालीत चौथ्या क्रमांकावर खुद्द विराट कोहली आला, दिल्लीत ऋषभ पंत. नागपूरला विजय शंकरनं ४६ धावा केल्या आणि शेवटच्या षटकात ११ धावा वाचवताना दोन गडी टिपले. त्या एका षटकानं त्याचं विश्वचषकाचं तिकीट पक्कं केलं असं पुष्कळांना वाटतं. पण अडचण अशी, की रिकामी जागा फलंदाजाची होती आणि नजरेत भरली ती गोलंदाजी. २-० आघाडीवरून आपण मालिका २-३ हरलो, त्याचं दुःख वेगळं. विश्वचषकात या जागेवर राहुल, हार्दिक, शंकर, पंत असे एकामागून एक येऊन गेले आणि मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात ५ धावांत ३ गडी बाद झाल्यावर ती जागा उघडी पडली.

याच्या उलट उदाहरण फेब्रुवारी २०२५ चं. चॅम्पियन्स ट्रॉफीआधी इंग्लंडविरुद्ध नागपूर, कटक, अहमदाबाद असे तीन सामने होते. नागपूरला कोहलीच्या गुडघ्यामुळं ऐनवेळी श्रेयस अय्यरला जागा मिळाली. त्यानं चौथ्या क्रमांकावर ३६ चेंडूंत ५९ केल्या. पाचव्यावर डावखुऱ्या अक्षर पटेलला बढती दिली, त्यानंही अर्धशतक केलं. हा क्रम पुढं दुबईत, चॅम्पियन्स ट्रॉफीतही तसाच ठेवला आणि अय्यर स्पर्धेत आपल्याकडून सर्वाधिक, २४३ धावा करून गेला. मालिका ३-० जिंकली हे त्यामानानं किरकोळ.

प्रश्न : संघ जाहीर झाल्यावरही दौरा चालू असतो. मग नावं बदलतात कशी? कितीदा बदलता येतात? (विट्याचे एक वाचक)

१५ जणांची यादी आधी द्यावी लागते. त्यानंतर आयसीसीनं ठरवलेल्या तारखेपर्यंत कारण न देताही बदल करता येतो. ती तारीख उलटली की बदल फक्त दुखापत किंवा तसंच सबळ कारण असेल तर, आणि तोही स्पर्धेच्या तांत्रिक समितीची परवानगी घेऊन. दौऱ्याचा शेवटचा सामना बहुधा या मुदतीच्या आसपास ठेवलेला दिसतो, तो योगायोग नसावा.

२०२३ च्या विश्वचषकासाठी मुदत २८ सप्टेंबरची होती. त्याच दिवशी जखमी अक्षरच्या जागी अश्विन आला. तो नुकताच ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत खेळलेला होता. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीला यशस्वी जैस्वालच्या जागी वरुण चक्रवर्ती आला. त्याचं एकदिवसीय पदार्पण झालं ते कटकला, त्याच मालिकेत. पुढं न्यूझीलंडविरुद्ध त्यानं ४२ धावांत ५ बळी घेतले. २०२३ च्याच विश्वचषकात हार्दिकचा घोटा पुण्याजवळ गहुंज्याला बांगलादेशविरुद्ध दुखावला, तेव्हा मुदत संपलेली होती. प्रसिध कृष्णाला समितीच्या मंजुरीनंच घेता आलं. महिलांच्या विश्वचषकात प्रतिका रावलच्या जागी शफाली वर्मा आली तीही अशीच, आणि अंतिम सामन्यात ८७ धावा व २ बळी घेऊन सामनावीर ठरली. वरच्या उत्तरातली सहावी गोलंदाज शेवटी अशी सापडली!

प्रश्न : धावफलक वाचून दौऱ्याचा अंदाज कसा बांधायचा? आणि आता चेंडूचा नियम बदलला म्हणतात, तो काय? (मिरजेचे एक वाचक)

धावफलकात गोलंदाजांची नावं बहुतेक चेंडू हाती घेतल्याच्या क्रमानं असतात. एका कागदावर तीन रकाने आखा: षटकं १ ते १०, ११ ते ४०, ४१ ते ५०. चेंडूगणिक वर्णन उघडून कुणी कोणत्या रकान्यात किती षटकं टाकली ते भरा. तीन सामन्यांनंतर शेवटच्या रकान्यात तीच दोन नावं दिसली तर समजा जोडी ठरली. चार-पाच नावं दिसली तर शोध चालू आहे. ‘६-०-३१-०’ (षटकं-निर्धाव षटकं-धावा-बळी) असा आकडा दिसला तर उरलेली चार षटकं कुणी टाकली ते बघा. बळींच्या रकान्यापेक्षा इथं जास्त कळतं.

नियमाचं असं: पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यात २०११ पासून दोन टोकांना दोन नवे चेंडू असत. शेवटाला प्रत्येक चेंडू २५ षटकंच जुना, म्हणून रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट्या दिशेनं वळणं) जवळजवळ गेला. जुलै २०२५ पासून ३४ षटकांपर्यंत दोन चेंडू वापरायचे. मग क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघानं त्यातला एक निवडायचा आणि उरलेली १६ षटकं दोन्ही टोकांनी त्यानंच टाकायची. १७ अधिक १६, म्हणजे अखेरीस तो ३३ षटकं जुना. त्यामुळं आताच्या दौऱ्यांत ३५ व्या षटकानंतर कर्णधार कुणाला राखून ठेवतो, तिकडं लक्ष ठेवा. जुना, मऊ चेंडू उचलून मारायला जड जातो. तिथं यॉर्कर आणि हळू चेंडू टाकणाऱ्याचा भाव वधारला आहे.

प्रश्न : आमच्या मुलींच्या संघाची २० षटकांची लेदर बॉल स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. सराव सामने कसे आखू? (वाईचे एक प्रशिक्षक)

चार सामने पुरेत. पहिल्यात सगळ्यांना आजमावा, किमान सात जणींना चेंडू द्या. दुसऱ्यात नाणेफेक न करता दुसरी फलंदाजी घ्या, तिसऱ्यात पहिली. चौथा सामना स्पर्धेच्या अकरा जणींचा, ठरलेल्या क्रमानं. तो स्पर्धेच्या पाच-सहा दिवस आधी संपवा.

चेंडू तपासा. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा सुमारे १५६ ते १६३. मुलांचा उरलेला चेंडू सरावाला वापरला की स्पर्धेत हलका चेंडू हातात येतो आणि फिरकीचा टप्पाच चुकतो. क्षेत्ररक्षणाचं आतलं वर्तुळही महिलांसाठी लहान असतं: मधल्या स्टंपपासून २३ मीटर. २३ मीटरची सुतळी घ्या, दोन्ही टोकांच्या मधल्या स्टंपला आळीपाळीनं बांधून अर्धवर्तुळं काढा, मग सरळ रेषांनी जोडा. अंदाजानं आखलं की पॉवरप्लेच्या सहा षटकांत मिडऑफ कुठं उभी राहील हेच मुलींना उमगत नाही.

स्पर्धा मातीच्या खेळपट्टीवर असेल तर किमान दोन सामने मातीवर खेळा. काथ्याच्या मॅटवर चेंडू जास्त उसळतो आणि जास्त वळतो. मॅटवरच खेळायचं असेल तर ती चारही बाजूंनी ताणून खिळे ठोका. गुडलेंथवर (चेंडू नेहमी टप्पा घेतो त्या जागी) सुरकुती राहिली तर एखादा चेंडू खाली बसतो, एखादा छातीवर येतो. हेल्मेटशिवाय तिथं कुणाला उभं करू नका.

वेगवान गोलंदाजांची षटकं एकदम वाढवू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला ३० चेंडू, तेही एक दिवस आड, मग दर आठवड्याला थोडे वाढवा. तेरा वर्षांपर्यंतच्या मुलींना एका स्पेलमध्ये (सलग गोलंदाजीत) पाचपेक्षा जास्त षटकं देऊ नयेत. पाठीचं दुखणं बहुतेक या एकदम वाढीतूनच येतं.

सामने संध्याकाळचे असतील तर दव धरा. बादलीत चेंडू बुडवून, फडक्यानं वरवर पुसून शेवटची पाच षटकं टाकायला लावा. ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून निसटतो आणि फुलटॉस पडतो. अशा वेळी कुणाला चेंडू द्यायचा नाही, ते आधीच कळलेलं बरं. घड्याळही लावा: आंतरराष्ट्रीय टी-२० मध्ये २० षटकांना ८५ मिनिटं असतात.

प्रश्न : वॉर्मअप सामन्यांच्या धावा कारकिर्दीत धरतात का? (साताऱ्याचे एक वाचक)

नाही. त्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा नसतो. पंधराही जणांना आलटून पालटून खेळवता येतं, फलंदाजी आणि क्षेत्ररक्षणाला मात्र अकराच. २०२३ च्या विश्वचषकाआधी गुवाहाटी आणि तिरुअनंतपुरम इथले आपले दोन्ही वॉर्मअप सामने पावसानं धुऊन नेले. त्यामुळं ऑस्ट्रेलियाविरुद्धची मोहाली, इंदूर, राजकोटची मालिका हाच आपला शेवटचा सराव ठरला.