स्थिरचित्रातलं 'लाइफ' कुठे गेलं?

प्रश्न असा आहे: मुलीच्या इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या पेपरवर 'स्थिरचित्र' छापलेलं होतं, आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'स्थिरचित्रण' म्हणजे फोटो काढणं. मग स्टिल लाइफला मराठीत म्हणायचं काय, आणि त्यातलं 'लाइफ' गेलं कुठे?

पहिला भाग चटकन संपतो. कुठलंही चित्र स्थिरच असतं, त्यामुळे 'स्थिर असलेलं चित्र' या अर्थाला काही अर्थच उरत नाही. स्थिर आहेत त्या समोर मांडलेल्या वस्तू. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, तसं स्थिरचित्र म्हणजे स्थिर वस्तूंचं चित्र. सरळ मध्यमपदलोपी समास. सिनेमावाल्यांनी 'स्थिर छायाचित्रण' लिहावं आणि चित्रकारांचा शब्द चित्रकारांना परत द्यावा.

आता 'लाइफ'. 'स्थिरजीवन', 'स्तब्ध जीवन' असली भाषांतरं अधूनमधून वाचायला मिळतात, आणि प्रत्येक वेळी चीड येते. इंग्रजीत हा शब्द आला तो डच 'स्टिललेव्हन'वरून, आणि डच चित्रशाळेत 'लेव्हन'चा अर्थ आयुष्य नव्हता. कारेल व्हॅन मान्डरने 1604 मध्ये हार्लेमला चित्रकारांवरचा ग्रंथ छापला. त्यात चित्र काढण्याच्या दोन रीती आहेत: 'नार हेट लेव्हन', म्हणजे समोर ठेवून, प्रत्यक्ष बघून, आणि 'आउट देन गेस्ट', म्हणजे मनातून. आपल्या रेखाकला परीक्षेत स्थिरचित्र आणि स्मरणचित्र असे वेगळे पेपर असतात ना, तोच हा भेद! तेव्हा 'लेव्हन' म्हणजे चित्रकारासमोरचं मॉडेल, आणि 'स्टिल' म्हणजे न हलणारं. बसवलेला माणूस चुळबुळतो. लिंबू चुळबुळत नाही. माझं ठाम मत आहे की हा शब्द विद्वानांच्या टेबलावर नव्हे, रंगाने माखलेल्या हातांच्या माणसांत जन्मला.

याला पुरावाही आहे. शब्द रुळला 1650च्या सुमारास. त्याआधी घरांतल्या सामानाच्या याद्यांमध्ये ही चित्रं चक्क पदार्थांवरून नोंदवलेली असत: 'ऑन्टबाइट्ये' म्हणजे न्याहारीचं चित्र, 'बँकेट्ये' म्हणजे मेजवानीचं. विलेम क्लास हेडाचं 1635चं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. अर्धं सोललेलं लिंबू, त्याची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय, कालवं, आडवा पडलेला चांदीचा पेला. जवळजवळ सगळं चित्र करड्या रंगाच्या छटांत, आणि पिवळा फक्त लिंबात, व्हिनेगरमध्ये आणि सोनेरी मुलाम्याच्या चषकात. ज्याने कधी मांडणी लावून तिच्यासमोर तास काढले आहेत त्याला कळेल की हा माणूस मृत्यूचं तत्त्वज्ञान सांगत नव्हता. धातू, काच आणि ओली साल यांच्यावर एकच उजेड कसा वेगवेगळा पडतो, हे शोधत होता.

इथेच माझं कलासमीक्षकांशी भांडण आहे. स्टिल लाइफला फ्रेंचमध्ये 'नात्यूर मोर्त' म्हणतात, त्याचं 'मृत निसर्ग' करायचं आणि त्यावरून प्रत्येक फळाच्या टोपलीत नश्वरता शोधायची, ही सवय सोडा. कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ असलेली 'व्हॅनिटास' चित्रं ही एक शाखा झाली, सगळा वृक्ष नव्हे. फ्रेंच शब्द मुळात अठराव्या शतकातला. 1728 मध्ये शार्दँला पॅरिसच्या अकादमीने घेतलं ते 'प्राणी आणि फळं' यांचा चित्रकार म्हणून. आणि त्या 'मोर्त'मध्ये मला फेलिबियाँ या फ्रेंच कलालेखकाची तुच्छता ऐकू येते. त्याने 1667च्या अकादमीच्या व्याख्यानांना प्रस्तावना लिहिली, तीत चित्रकारांची उतरंड लावली: वर इतिहासचित्रं आणि माणसं, आणि अगदी तळाशी फळं, फुलं, शिंपले रंगवणारे. जिवंत प्राणी काढणारा हा 'मेलेल्या, हालचाल नसलेल्या वस्तू' काढणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ, असं तो सरळ म्हणतो. ही शिवी आपण भाषांतर करून मराठीत का आणायची?

अशा चित्रांसाठीचा स्पॅनिश शब्द 'बोदेगोन'ही इथे कामाचा नाही. तो आला 'बोदेगा'वरून, म्हणजे तळघर, कोठार. वेलास्केसची 1618ची अंडी तळणारी म्हातारी त्यात बसते, आणि ती तर चांगली जिवंत आहे.

तेव्हा पेपरावर छापलेलं 'स्थिरचित्र' योग्य आहे. अर्थ आणखी स्वच्छ हवा असेल तर 'स्थिरवस्तुचित्र' लिहा. 'जीवन' मात्र जोडू नका. डच माणसाच्या 'लेव्हन'चं काम 'वस्तू' हा शब्द पुरेपूर करतो.