पेंढ्यातले वाटाणे कडक का राहतात?

प्रश्न : भात झोडून झालं, पेंढा भरपूर आहे. बांबूच्या हाऱ्यात पेंढा भरून त्यात उकळता टोप ठेवते. पेज छान होते, पण काळे वाटाणे चार तासांनीही कडकच. वाटीभर वाटाणे रात्रभर भिजवते, दोन उकळ्या आल्या की टोप हाऱ्यात. चुकतं कुठे? – वाचक, गुहागर

उत्तर : 'वाटीभर' आणि 'दोन उकळ्या', इथेच चुकतं. पेंढा उष्णता देत नाही, टोपात आहे तेवढी धरून ठेवतो. जिन्नस थोडा असला की ती लवकर उतरते. तीन लिटरच्या टोपाला अर्धा किलो वाटाणे घ्या. भिजून ते साधारण किलोभर होतात. भिजवलेलं पाणी ओतून द्या, सव्वा लिटर नवं घाला आणि २० मिनिटं खळखळून उकळा. दाण्याच्या गाभ्यापर्यंत ऊब पोचायला एवढा वेळ लागतोच. शेवटची पाच मिनिटं झाकण घट्ट असू द्या, म्हणजे झाकणही तापेल. मग चार तास हात लावू नका. एकदा उघडून बघितलंत की वाफ गेली, पुन्हा उकळण्यावाचून गत्यंतर नाही.

पेंढा बुडाखाली आणि चहूबाजूंनी किमान १० सेंटीमीटर, दाबून भरलेला हवा. वरच्या बाजूला बहुतेकजण नुसतं गोणपाट टाकतात. तिथे भाताच्या तुसाने भरलेली जाड उशी घट्ट बसवा. टोप चुलीवरचा असेल तर बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, हे आधी बघा. वाफेने पेंढा दमट होतो, दमट पेंढा ऊब धरत नाही आणि किनाऱ्यावरच्या हवेत त्याला बुरशीही लवकर येते. दर दोन-तीन दिवसांनी उन्हात घाला.

कोकम आधी घालत असाल तर तेही कारण. आंबटात कडधान्य शिजायला फार वेळ घेतं. कोकम वाटपाबरोबर, शेवटी. बोअरिंगचं पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर सोडा घाला. वाटाणे फार जुने असतील तर मात्र सरळ कुकर लावा.

प्रश्न : रात्री पेज ठेवून सकाळी खाल्ली तर? – वाचक, देवगड

उत्तर : नको. आठ-नऊ तासांत ती कोमट होते आणि कोमट भातात जंतू वाढतात. त्यातल्या काहींचं विष पुन्हा उकळूनही जात नाही, वासानेही कळत नाही. पहाटे ठेवा, दोन तासांत उकड्या तांदळाची पेज तयार. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला. काढताना अन्न ६० अंशांच्या वर हवं, म्हणजे टोपाला बोट टेकवत नाही इतकं.

प्रश्न : माशाचं कालवण? – वाचक, मुरूड

उत्तर : मासा दहा मिनिटांत शिजतो, हाऱ्याचा उपयोग काय! सोललेल्या कडव्या वालांना मात्र हा हारा मानवतो. पाच मिनिटं उकळून तासभर ठेवा, कुकरसारखा लगदा न होता डाळिंबी अख्खी राहते.