वाचनालयात सध्या कोण काय वाचतंय?

प्रश्न : वाचनालयात गेले की कपाटांसमोर नुसती उभी राहते. नव्या पुस्तकांच्या मांडणीवरून काही ठरवता येत नाही. तुम्ही ग्रंथपाल आहात. तुमच्याकडचे कर्मचारी आणि सभासद सध्या खरोखर काय वाचताहेत? त्यावरून मला पुस्तक निवडता येईल का?

उत्तर : ताई, नक्की येईल. पण त्यासाठी कपाटांच्या आधी देवघेवीच्या टेबलाकडे या. कपाटात दिसतात ती त्या दिवशी कोणी न नेलेली पुस्तकं. ज्यांना मागणी आहे ती लोकांच्या घरी असतात आणि परत आली की जागेवर लागेपर्यंत टेबलावर असतात. तो ढीग चाळायला आमची कधीच हरकत नसते.

गेल्या आठवड्यात त्या ढिगात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती. 1955 सालची ही कादंबरी. धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा कशीबशी उभी राहते आणि शेवटी दुष्काळात अख्खं गाव उठून जातं. परत करायला आलेले आजोबा निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणाले, “तरुणपणी मास्तरसाठी वाचली होती, आता गावासाठी वाचली.” मग मी त्यांना विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ काढून दिली. तिच्यात गाव उठतं ते धरणामुळे. तिला 1992 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वेळी देवघेवीवर बसणाऱ्या आमच्या सहकारी बाई कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचत होत्या. 2023चा अकादमी पुरस्कार तिला आहे. धरणानं उठवलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणि तिला शोधायला परत गेलेला माणूस, अशी ती गोष्ट. आता बाईंचं वाचून झालं की ‘रिंगाण’ आजोबांकडे जाणार आणि ‘झाडाझडती’ बाईंकडे येणार, हे दोघांनी टेबलाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. असं ठरताना पाहिलं की मला फार बरं वाटतं.

पुस्तकं जागेवर लावणारा आमचा सहकारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचतोय, जेवणाच्या सुट्टीत चार-चार पानं. प्रसंग छोटे आणि भाषा घरात बोलावी तशी, त्यामुळे तुकड्यांनी वाचलं तरी धागा सुटत नाही. बाकी रहस्यकथा आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं भरपूर जातात, ती तुम्हाला न सांगताही सापडतील.

एक सांगते, कोणत्या सभासदानं काय नेलं हे ग्रंथपालानं तिसऱ्याला सांगायचं नसतं. वरचं सगळं संबंधितांना विचारूनच लिहिलंय. तुम्हीही आम्हाला नोंदी विचारू नका, समोरच्या माणसाला विचारा. मात्र “पुस्तक कसं आहे?” असं विचारलंत तर “छान आहे” एवढंच ऐकायला मिळेल. “कुठपर्यंत आलात?” असं विचारून बघा. माणूस लगेच त्या पानावरचं सांगायला लागतो, आणि ते पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. रोजच्या कामात ते असेच पाळले जातात, टेबलाशी दोन मिनिटं बोलून.

तुमच्या वाचनालयात ‘झाडाझडती’ बाहेर गेलेली असली तर मागणी नोंदवून ठेवा. जाडजूड आहे, परत यायला वेळ लागतो. तोवर ‘बनगरवाडी’ न्या, ती छोटी आहे.